तालुक्याचे गाव कोणते?

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळा, माढा, मोहोळ, माळशिरस या नऊ तालुक्यांना त्यांच्या मुख्य गावाचेच नाव आहे. राहिलेले दोन म्हणजे उत्तर आणि दक्षिण सोलापूर. एकाच शहराच्या नावाला दिशा जोडून त्यांची नावे झाली आहेत. उत्तर सोलापूरचे त्यात काही अडत नाही, कारण जनगणनेत अख्खे सोलापूर शहर त्याच तालुक्यात मोजले जाते. अडते ते दक्षिणेचे. पूर्वेला बोरामणी-मुस्तीपासून वळसंग, होटगी, मंद्रूप, निंबर्गी करत पश्चिमेला विंचूर-कंदलगावपर्यंत शहराला खालून वेढा घालणाऱ्या या तालुक्याची लोकसंख्या २०११ साली अडीच लाखांच्या पुढे होती. त्याचे तहसील आणि पंचायत समिती मात्र सोलापूर शहरात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जमिनीबाहेर. आपल्याकडे नव्या तालुक्यांची चर्चा निघाली की ती हद्दीभोवती फिरते: कोणती गावे आत, कोणती बाहेर. याच तालुक्यातल्या मंद्रूपचे उदाहरण नीट पाहिले तर ध्यानात येते की हद्दीपेक्षा कचेरीची जागा कितीतरी जास्त ठरवते. तालुक्याचे ठाणे तालुक्याच्या जमिनीवर असले पाहिजे, आणि दक्षिण सोलापूरच्या नदीकाठच्या पट्ट्यासाठी ते पूर्णपणे मंद्रूपला आले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी जमीन पाहू. सोलापूरहून विजयपूरकडे निघालेला महामार्ग वडकबाळजवळ सीना ओलांडतो, मंद्रूपवरून जातो आणि टाकळीच्या पुढे भीमा ओलांडून कर्नाटकात धुळखेडला उतरतो. सीना आणि भीमा यांच्या मधला हा दुआब पूर्वेकडे निमुळता होत जातो आणि हत्तरसंग-कुडलच्या संगमावर संपतो. शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख म्हणून अभ्यासकांनी पुढे आणलेला लेख तिथल्याच संगमेश्वराच्या देवळात आहे. दोन बाजूंना नद्या, दक्षिणेच्या नदीपलीकडे दुसरे राज्य, आणि मधून जाणारा एक मोठा रस्ता: निसर्गानेच आखून दिलेला हा एक मुलूख आहे. सोलापूर शहराचे पिण्याचे पाणीही या मुलखातून जाते. उजनीतून भीमेत सोडलेले पाणी औजच्या बंधाऱ्यात अडते, टाकळीला उपसले जाते आणि जलवाहिनीने सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचते. शहराची तहान भागवणाऱ्या या गावांना पंचायत समितीतल्या एका सहीसाठी सीना ओलांडून शहरात जावे लागते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला तेव्हा या महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. शेते पाण्याखाली गेली, म्हणजे सरकारी यंत्रणा सर्वांत जवळ हवी होती, नेमक्या त्याच दिवसांत गावे आणि तालुक्याचे ठाणे यांच्यामध्ये नदी आडवी आली. नदीपलीकडून कारभार चालवण्यातली अडचण एरवी वेळेच्या आणि एसटीच्या तिकिटाच्या रूपात दिसते. पुराच्या दिवसांत ती उघडी पडली.

ही रचना पूर्वापार चालत आलेली आहे, ती बदलणे म्हणजे घडी विस्कटणे, असे म्हणणारे भेटतात. सोलापूर जिल्ह्याचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. १८३८ साली सोलापूरची उप-जिल्हाधिकारी कचेरी झाली तेव्हा तिच्याखाली बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांच्याबरोबर इंडी, हिप्परगी आणि मुद्देबिहाळही होते. आज हे तिन्ही कर्नाटकात आहेत. १८६४ मध्ये ती मोडली. १८७१ मध्ये जिल्हा पुन्हा उभा राहिला, तेव्हा साताऱ्याकडचे पंढरपूर आणि सांगोला त्याला जोडले गेले. १८७५ मध्ये माळशिरस आले. अक्कलकोट हे संस्थान होते आणि मंगळवेढा सांगली संस्थानात होता, हे दोन्ही स्वातंत्र्यानंतरच्या विलीनीकरणात आले. मोहोळचे उदाहरण तर बोलके आहे. १८३८ आणि १८७१ च्या यादीत तो आहे, १८८४ च्या गॅझेटिअरमधल्या सात तालुक्यांत नाही, आणि आज पुन्हा पूर्ण तालुका आहे. म्हणजे ज्याला आपण पूर्वापार म्हणतो ती महसूल गोळा करणाऱ्या सरकारने आपल्या सोयीने पुन्हा पुन्हा बदललेली मांडणी आहे. तेव्हा सोय सरकारी तिजोरीची पाहिली जाई. आता लोकांची पाहायला हरकत नसावी.

तालुक्याचे ठाणे म्हणजे नुसती एक इमारत असे समजणे हा मोठा गैरसमज आहे. ठाण्याभोवती कोर्ट येते, कोर्टाभोवती वकील आणि मुद्रांक विक्रेते येतात, झेरॉक्सची दुकाने, खानावळी, बँकेची शाखा, बियाणे-खताची दुकाने येतात, आणि बाजाराचा दिवस एका दिवसाचा राहत नाही. सरकारी धोरणानेही ठाण्याला वेगळे वजन दिले आहे. गेल्या दशकात राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण राबवले. माढा आणि माळशिरस त्यातूनच नगरपंचायती झाल्या. माळशिरस तालुक्यात अकलूज, माढा तालुक्यात टेंभुर्णी ही मोठी, गजबजलेली गावे असताना नगरपंचायत पदरात पडली ती ठाण्याच्या गावाच्या, लोकसंख्या किती हे न पाहता. अकलूजला नगरपरिषद व्हायला २०२१ उजाडले. आता हाच नियम दक्षिण सोलापूरला लावून पाहा. त्याचे ठाणे महापालिकेच्या हद्दीत, म्हणून तालुक्यातल्या एकाही गावाला या नियमाचा लाभ मिळाला नाही. पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, आठवडी बाजार आणि हमरस्ता असलेले मंद्रूप ग्रामपंचायतच राहिले. नगररचना आराखडा नाही, भुयारी गटारासाठी शहरी योजनेचा निधी नाही, अग्निशमनाची गाडी नाही. गावाच्या अंगात जोर नव्हता म्हणून हे झालेले नाही. नकाशावरचा ठाण्याचा ठिपका चुकीच्या जागी पडला म्हणून झाले आहे.

शहराभोवती कड्यासारखा पसरलेला आणि ठाणे शहराच्या पोटात असलेला तालुका ही सोलापूरचीच अडचण नाही. पुण्याभोवतीचा हवेली, कोल्हापूरभोवतीचा करवीर, नागपूर ग्रामीण ही त्याच जातीची उदाहरणे. आणि या घोटाळ्याचा सर्वांत दीर्घ अनुभव ज्या देशाकडे आहे तो चीन. तिथे तालुक्याच्या जागी जो घटक आहे त्याला शिएन म्हणतात, आणि छिन सम्राटाने इसवी सनापूर्वी २२१ मध्ये साम्राज्याचे ३६ प्रांत करून त्यांखाली शिएन बसवले तेव्हापासून तो टिकून आहे. राजघराणी गेली, क्रांती झाली, पण ग्रामीण माणसाचा सरकारशी संबंध शिएनच्या कचेरीतूनच येत राहिला. आज तिथे या पातळीवरचे २,८०० हून अधिक घटक आहेत. एकाची सरासरी लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास पडते. महाराष्ट्राच्या ३५८ तालुक्यांत २०११ ची लोकसंख्या वाटली तर सरासरी तीन लाखांच्या थोडी वर जाते, म्हणजे आकाराने हे दोघे तुलनेला बसणारे आहेत. हेबेई प्रांतात त्सांगझोऊ नावाचे शहर आहे आणि त्याला चहूबाजूंनी वेढणारा त्सांग नावाचा शिएन. या शिएनची कचेरी शहरात आहे, शिएनच्या हद्दीबाहेर. दक्षिण सोलापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

चीनने या प्रश्नावर १९८० च्या दशकात एक उत्तर शोधले. १९८३ पासून मोठ्या प्रमाणावर शहरांच्या हाताखाली आसपासचे शिएन दिले गेले. कल्पना अशी की शहर पुढे जाईल आणि खेड्यांना ओढून नेईल. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी शहराने शिएनच्या वाट्याचा पैसा, जमीन आणि प्रकल्प आपल्याकडे ओढले, अशी तक्रार तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी केली. झेजियांग प्रांताने पैशाच्या बाबतीत शिएनचा संबंध थेट प्रांताशी ठेवला होता, आणि त्या प्रांतातले शिएन चांगले वाढले. पुढे इतर प्रांतांनी तीच वाट धरायचा प्रयत्न केला. दुसरे उत्तर होते कड्यातला शिएन मोडून शहराचे वॉर्ड करण्याचे. हेबेईतल्याच हान्दान शहराभोवतीचा हान्दान शिएन २०१६ मध्ये असाच मोडला गेला. असे इतके झाले की २०२२ मध्ये चीनच्या केंद्र सरकारला शिएन मोडून वॉर्ड करण्यावर कडक आवर घालण्याचे जाहीर करावे लागले. चीनमध्ये लोकांना न विचारता नकाशे बदलता येतात, म्हणून त्यांचा अनुभव आपल्याला लागू नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. निर्णय कसा घ्यावा हे चीनकडून शिकायचे नाहीच. पण निर्णयानंतर पैसा आणि माणसे कुठल्या दिशेला वाहतात हे पाहायला तो अनुभव कामाचा आहे, कारण तो शेकडो ठिकाणी घेतला गेला आहे. सोलापुरातही १९९२ च्या हद्दवाढीत शहर सोरेगाव, कुमठे, मजरेवाडीपर्यंत सरकले, आणि या हद्दवाढ भागाला पुरेसे पाणी, रस्ते आणि ड्रेनेज मिळावे म्हणून नंतर वर्षानुवर्षे मागण्या कराव्या लागल्या. शहराला चिकटलेल्या ग्रामीण भागाचे शहर आपोआप भले करते हे गृहीतक तिथेही टिकले नाही आणि इथेही टिकलेले नाही.

मंद्रूपला अपर तहसील कार्यालय आहेच, मग आणखी काय हवे, असा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. अपर तहसील झाले ही मोठी गोष्ट आहे आणि ते होण्यासाठी ज्यांनी पाठपुरावा केला त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण ते किती पुरते हे एका शेतकऱ्याच्या कामावरून पाहू. वडील वारल्यावर दोन भावांना शेत वाटून घ्यायचे आहे. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज गेला, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला. इथवर गावात भागले. सातबाऱ्याचे पोटहिस्से करायचे तर वाटपाचा आदेश तहसीलदाराचा लागतो. तो अधिकार अपर तहसीलदाराला असल्याने मंद्रूपला काम झाले. आता बांध घालायला मोजणी हवी. मोजणी करते भूमी अभिलेख खाते, आणि ते अपर तहसीलदाराच्या हाताखाली नाही. मोठ्या भावाला आपल्या हिश्श्यात रोजगार हमीतून विहीर काढायची आहे. त्याची मंजुरी पंचायत समितीतून. धाकट्याला ठिबकचे अनुदान हवे आहे. ते तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. भावाभावांत वाद उभा राहिला तर दिवाणी न्यायालय. एकाच चार एकरांच्या शेताची ही कामे आहेत, आणि त्यातली महसुलाची तेवढी मंद्रूपला आली. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या उभ्या राहिल्या तेव्हापासून खेड्यातला विकासाचा पैसा महसुलाच्या कचेरीतून जात नाही, पंचायत समितीतून जातो. अपर तहसील देऊन सरकारने अंतराची अडचण कबूल केली, पण जो अर्धा भाग हलवला त्यात सही आणि दाखले आहेत. रस्ते, शाळा, विहिरी आणि घरकुले असलेला अर्धा भाग होता तिथेच राहिला.

आता सगळे ऑनलाइन झाले आहे, कचेरी कुठे आहे याने काय फरक पडतो, असेही विचारले जाते. डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर मिळतो, ई-पीक पाहणी २०२१ पासून शेतकरी स्वतः करतो, दाखल्याचा अर्ज सेतूत भरता येतो. हे सगळे खरे आहे आणि स्वागतार्ह आहे. पण ऑनलाइन गेले ते कागदाचे काम. शेतरस्ता अडवला म्हणून तक्रार आली तर तहसीलदाराला १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली किंवा महसूल संहितेच्या कलम १४३ खाली सुनावणी घ्यावी लागते, जागेवर जावे लागते, दोन्ही बाजूंचे लोक बोलवावे लागतात. गारपिटीचा पंचनामा बांधावर उभे राहूनच करावा लागतो. विहीर किती खोल गेली हे शाखा अभियंता विहिरीत डोकावूनच ठरवतो. सरकारी कामाचा जो भाग माणसाने जागेवर जाऊन निर्णय करण्याचा आहे, तोच शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महागाचा आहे, आणि तिथे कचेरीपासूनचे अंतर आजही मोजले जाते.

तालुका हा मोजमापाचा एकक असतो ही गोष्टही विसरता येत नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर जिल्ह्यातले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा त्यात होते. दक्षिण सोलापूर नव्हता. ओरड झाल्यावर ज्या महसूल मंडळांत पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरच्या आत पडला होता, तिथे दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली; अशा मंडळांची संख्या शेवटी एक हजाराच्या वर गेली. यावरून कोणी म्हणेल की मंडळ पुरेसे आहे, तालुका कशाला. मला त्यातून उलटा निष्कर्ष निघताना दिसतो. तालुका जर मुस्ती-बोरामणीपासून भीमाकाठापर्यंत वेगवेगळ्या पावसाचे, जमिनीचे आणि पाण्याचे पट्टे एकत्र बांधून केलेला असेल, तर त्याची सरासरी कोणाचेच खरे सांगत नाही. बागायत उसाचा काठ आणि कोरडवाहू तुरीचे माळ एकाच आकड्यात जातात. एकजिनसी मुलखाचा तालुका झाला तर पहिल्याच घोषणेत आकडा खरा येण्याची शक्यता वाढते, आणि मंडळांच्या दुसऱ्या यादीची वाट पाहावी लागत नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र हलका घेता येणार नाही. नवा तालुका म्हणजे नव्या पदांचा, इमारतींचा, गाड्यांचा खर्च, आणि आहेत ती पदेच रिकामी असताना नवी कोण भरणार, हा प्रश्न रास्त आहे. कर्नाटकाने २०१८ च्या सुमारास पन्नासच्या आसपास नवे तालुके केले. भीमेपलीकडचे चडचण हे इंडीतून निघालेले त्यातलेच एक. तेलंगणाने दहा जिल्ह्यांचे तेहेतीस केले. नाव पाटीवर येऊन कारकून न आल्याच्या तक्रारी अशा घाईत होतातच. चीनमध्ये याच्या उलट झाले. शिएनखालच्या गावगटांची संख्या १९८० च्या दशकाच्या मध्याला नव्वद हजारांच्या आसपास होती, ती खर्च वाचवण्यासाठी एकत्र करत करत चाळीस हजारांच्या खाली आणली, आणि त्याची किंमत दूरच्या गावांनी चालत जाऊन मोजली. त्याच चीनमध्ये वेन्झोऊजवळचे लोंगगांग हे शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने १९८४ पासून उभे केलेले गाव २०१९ मध्ये त्सांगनान शिएनमधून काढून थेट शिएनच्या दर्जाचे शहर केले गेले, आणि मधली गावगटांची पायरीच वगळून कारभार सुटसुटीत ठेवला गेला. खर्च नव्या पायरीचा होतो. असलेली पायरी योग्य जागी हलवण्याचा फार होत नाही. दक्षिण सोलापूरची पंचायत समिती, कृषी कार्यालय, भूमी अभिलेख ही कार्यालये आजही आहेत, त्यांचे कर्मचारी आजही पगार घेतात. शहरातली त्यांची जागा सोडून ती मंद्रूपला आणण्यासाठी नवे पद निर्माण करावे लागत नाही. माढा तालुक्यात तहसील माढ्याला आणि पंचायत समिती कुर्डुवाडीला आहे. एका तालुक्याची कार्यालये दोन गावांत असू शकतात हे याच जिल्ह्यात रोज दिसते.

सर्वांत अवघड आक्षेप दुआबाबाहेरून येतो. वळसंग, बोरामणी, मुस्तीच्या लोकांना सोलापूर सोयीचे आहे. त्यांना मंद्रूपला पाठवणे म्हणजे शहर ओलांडून पुन्हा खाली उतरायला लावणे. त्यांचा विरोध मला पूर्णपणे योग्य वाटतो. सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये संखला अपर तहसील झाले, तरी तालुका विभागायचा तर ठाणे संखला की उमदीला, या वादात मूळ मागणी कशी अडकते हेही आपण पाहिले आहे. पण वाद होतो म्हणून या सीमाभागाची मागणी सोडून देणेही परवडणारे नाही. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने जो सीमाभाग कर्नाटकाकडे देण्याची शिफारस केली होती, त्यात जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग होता. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला ते बरोबरच केले. पण २०२२ च्या अखेरीस जत-अक्कलकोटकडच्या काही गावांनी पाणी आणि रस्त्यांअभावी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा नाकारण्यापलीकडे आपण किती केले हा प्रश्न उभा राहिलाच. म्हणून मंद्रूप तालुका मागायचा तर तो पूर्ण दक्षिण सोलापूरचे नाव बदलून मागू नये. सीना आणि भीमेमधली मंडळे आणि त्यांना लागून असलेली, एसटीने मंद्रूपला लवकर पोचणारी गावे एवढाच त्याचा आवाका असावा. पूर्वेकडच्या मंडळांचे ठाणे सोलापुरातच राहिले तर त्यांचे नुकसान नाही. त्यांतली काही गावे अक्कलकोटला जोडायची का, हे त्यांनाच विचारावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४ खाली तालुक्याची हद्द बदलताना मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्या मसुद्यासोबत प्रत्येक गावापासून मंद्रूप, सोलापूर आणि अक्कलकोटला सकाळच्या पहिल्या एसटीने पोचायला किती वेळ लागतो याचा तक्ता जोडला, आणि सीनेचा पूल बंद असताना तो वेळ किती होतो हेही त्यात लिहिले, तर हरकती कोणत्या गावांच्या याव्यात आणि कोणत्या गावांच्या येणार नाहीत हे ग्रामसभेत बसलेल्या माणसाला स्वतःच ठरवता येईल. तोवर पंचायत समितीचे निदान एक उपकार्यालय, विहीर आणि घरकुलाच्या फायली मंजूर करण्याच्या अधिकारासह, अपर तहसीलाच्या शेजारी बसवायला नव्या तालुक्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.